ट्राम की आंतरशहरी लाइट रेल : शहरासाठी निवड कशी करावी

शहरात रुळांवरची विजेची गाडी आणायची एवढे एकदा ठरले, की चर्चा लगेच गाडीच्या रूपाकडे वळते : डबे किती असावेत, रंग कोणता, खिडक्या केवढ्या. माझ्या मते ही चर्चा सगळ्यांत शेवटी व्हायला हवी. ट्राम आणि आंतरशहरी लाइट रेल यांच्या गाड्या आज इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या छायाचित्रावरून जाणकारालाही दोहोंतला फरक खात्रीने सांगता येणार नाही. खरा फरक थांब्यांमधल्या अंतरात, इतर वाहनांपासून मार्ग किती वेगळा राखला आहे यात आणि प्रवासी साधारण किती लांब जाणार आहे यात असतो. या गोष्टी आधी निश्चित केल्या तर गाडी कोणती घ्यायची हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. त्या न ठरवता गाडी निवडली तर पुढची तीस-चाळीस वर्षे शहराला त्या गाडीशी जुळवून घेत राहावे लागते.

या लेखात ट्राम हा शब्द मुख्यतः रस्त्यावरून धावणाऱ्या, २५० ते ५०० मीटर अंतरावर थांबणाऱ्या, २० ते ४५ मीटर लांबीच्या आणि बहुधा एकेकट्या धावणाऱ्या गाडीसाठी वापरला आहे. आंतरशहरी लाइट रेल म्हणजे बव्हंशी स्वतःच्या राखीव जागेतून जाणारी, ८०० मीटर ते काही किलोमीटर अंतरावर थांबणारी, गरजेप्रमाणे दोन-तीन गाड्या जोडून चालवता येणारी आणि उपनगरे किंवा शेजारची छोटी शहरे मुख्य शहराला जोडणारी सेवा. तिला शहराच्या मध्यभागी रस्त्यावर उतरता येते, पण तो तिचा मुख्य मुक्काम नव्हे.

लॉस एंजेलिसमध्ये हे दोन्ही प्रकार एकेकाळी शेजारीशेजारी नांदत होते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या पिवळ्या ट्राम दोन रुळांत १०६७ मिलिमीटर अंतर असलेल्या अरुंद मार्गावरून जात, तर पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या लाल गाड्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून दूरच्या गावांपर्यंत पोहोचत, आणि काही रस्त्यांवर दोघींची सोय व्हावी म्हणून तीन रूळ टाकलेले होते. लाल गाड्या बाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात वेगाने येत, पण शहराच्या रस्त्यावर आल्या की मोटारींच्या गर्दीत खोळंबत. लाल गाड्यांचा शेवटचा मार्ग, लाँग बीचचा, १९६१ मध्ये बंद झाला आणि पिवळ्या ट्राम १९६३ मध्ये. पुढे १९९० मध्ये लाँग बीचपर्यंत लाइट रेल सुरू झाली, ती बव्हंशी त्याच जुन्या लाल गाडीच्या जागेवरून. गाड्या आणि कंपनी काळाच्या ओघात गेल्या, तरी जमिनीची ती पट्टी शिल्लक होती आणि तीच कामी आली. म्हणूनच निवडीचा विचार मार्गापासून सुरू करावा, असे मी आग्रहाने म्हणतो.

प्रवासाची लांबी आधी मोजा

शहरातले लोक कोठून कोठे जातात याची पाहणी बहुतेक नगररचना विभागांकडे असते. ती नसेल तर बसच्या तिकिटांच्या नोंदींवरून निदान ढोबळ अंदाज बांधता येतो. या माहितीतून नियोजित मार्गावरच्या प्रवासांची लांबी काढावी आणि ० ते २ किमी, २ ते ४ किमी, ४ ते ८ किमी आणि त्यापुढे अशी विभागणी करावी. केवळ सरासरी काढून थांबू नये. एखाद्या मार्गावर निम्मे लोक बाजारपेठेच्या भागात ३ किमी जात असतील आणि निम्मे १५ किमीवरच्या उपनगरातून येत असतील तर सरासरी ९ किमी निघते, पण ९ किमी प्रवास करणारा माणूस त्या मार्गावर कोणीच नसतो. अशा सरासरीवर आखलेली सेवा दोन्ही गटांना गैरसोयीची ठरते.

लांबीला इतके महत्त्व का, हे एका साध्या हिशोबावरून कळेल. गाडी दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद एवढा वेग वाढवते आणि त्याच दराने कमी करते, आणि प्रत्येक थांब्यावर २० सेकंद उभी राहते, असे धरू. कमाल वेग ताशी ५० किमी असलेल्या गाडीचे प्रत्येक थांब्यापायी साधारण ३४ सेकंद खर्च होतात : २० सेकंद उभे राहण्यात आणि १४ सेकंद वेग घटवण्या-वाढवण्यात. दर ४०० मीटरला थांबा असेल तर १० किमीच्या मार्गावर २५ थांबे येतात. धावण्याची १२ मिनिटे आणि थांब्यांपायी जाणारी सुमारे १४ मिनिटे मिळून २६ मिनिटे होतात, म्हणजे सरासरी वेग ताशी २३ किमी पडतो. आता थांबे दर किलोमीटरला ठेवून कमाल वेग ताशी ८० किमी धरला तर तेच १० किमी साडेचौदा मिनिटांत पार पडतात आणि सरासरी वेग ताशी ४१ किमीपर्यंत जातो. दोन्ही आकडे वाटेत सिग्नल आणि कोंडी नाही असे गृहीत धरून काढलेले आहेत.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट हाती लागते. याच दराने ताशी ८० किमी वेग गाठून पुन्हा थांबायला जवळजवळ ४९० मीटर लागतात. म्हणजे ४०० मीटरवर थांबे असलेल्या मार्गावर ८० किमी वेगाची गाडी घेतली तर ती आपला कमाल वेग कधीच गाठू शकणार नाही, आणि त्या वेगासाठी मोजलेले जास्तीचे पैसे वाया जातील. निविदेत कमाल वेगाचा आकडा घालण्यापूर्वी थांब्यांचा नकाशा समोर असलाच पाहिजे.

मग थांबे सरसकट दूर ठेवणेच बरे, असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण प्रवाशाला थांब्यापर्यंत चालत यावे लागते. थांबे ४०० मीटरवर असतील तर मार्गाच्या कडेने सरासरी १०० मीटर चालावे लागते. ते १ किमीवर असतील तर २५० मीटर. मिनिटाला ८० मीटर या चालीने हा फरक दोन्ही टोकांना मिळून पावणेचार मिनिटांचा होतो. दूरच्या थांब्यांची वेगवान गाडी प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे ७० सेकंद वाचवते. म्हणून साधारण सव्वातीन किलोमीटरच्या प्रवासाला दोन्ही सेवा सारख्याच पडतात. त्याहून कमी अंतरासाठी ट्राम सोयीची आणि जास्त अंतरासाठी लाइट रेल. म्हातारी माणसे, हातात सामान असलेले लोक आणि लहान मुलांना घेऊन निघालेले पालक यांना चालणे अधिक जड जाते, तेव्हा प्रत्यक्षात ही सीमारेषा ५-६ किलोमीटरपर्यंत सरकते असे मी धरतो. आपल्या शहरातल्या गाडीचा आणि रस्त्याचा आकडा घालून हा हिशोब प्रत्येकाने स्वतः करावा. त्याला कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही.

रस्त्यावर गाडीला स्वतःची जागा मिळणार का

हा प्रश्न माझ्या दृष्टीने सगळ्यांत निर्णायक आहे, आणि नेमका तोच टाळला जातो, कारण त्याचे उत्तर देताना मोटारींची एक मार्गिका किंवा पार्किंगची एक रांग काढून घ्यावी लागते. रुळांवरच्या गाडीला बाजूने वळसा घालता येत नाही. कोणी मोटार रुळावर चार बोटे पुढे काढून उभी केली तर मागची २०० माणसे तिचा मालक येईपर्यंत अडकून पडतात. अशा वेळी बस निदान कडेने निघून जाते. म्हणून मिश्र वाहतुकीतली ट्राम बसपेक्षा वेगवान असेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. मेलबर्नचे ट्रामजाळे सुमारे २५० किमीचे, जगातल्या सर्वांत मोठ्या जाळ्यांपैकी एक आहे, पण त्याचा मोठा भाग मोटारींबरोबर वाटून घेतलेल्या रस्त्यांवर असल्यामुळे त्याचा सरासरी वेग ताशी १६ किमीच्या आसपास राहतो.

उलट बाजू टोरंटोच्या किंग स्ट्रीटवर दिसते. नोव्हेंबर २०१७ मध्ये बॅथर्स्ट ते जार्विस या सुमारे अडीच किलोमीटरच्या भागात मोटारींना सरळ जाण्यास मनाई केली गेली. आत आलेल्या मोटारीने पुढच्या चौकात उजवीकडे वळून बाहेर पडायचे. नवे रूळ टाकले नाहीत, नव्या गाड्या त्यासाठी घेतल्या नाहीत. रंगाचे पट्टे, फलक आणि थांब्यांची हलवाहलव एवढ्यावरच काम भागवले. त्या मार्गावरची दिवसाची प्रवासीसंख्या ७२ हजारांवरून ८४ हजारांवर गेली, आणि २०१९ मध्ये ही व्यवस्था कायम करण्यात आली. झुरिचमध्ये तर नागरिकांनी १९६२ मध्ये ट्राम जमिनीखाली नेण्याचा आणि १९७३ मध्ये भुयारी रेल्वेचा प्रस्ताव मतदानाने फेटाळला. त्यानंतर शहराने आहे त्याच ट्रामला चौकाचौकांत सिग्नलचे प्राधान्य देण्यावर पैसा आणि श्रम खर्च केले, आणि आज तिथे ट्राम हेच शहरातल्या सार्वजनिक वाहतुकीचे मुख्य साधन आहे.

जागा राखून ठेवली तर पैसेही वाचतात, हे सांगायला अनेक अहवाल विसरतात. वरचाच १० किमीचा मार्ग घ्या. राखीव मार्गिकेत तो २६ मिनिटांत होतो. टोकांवरचा थोडा विसावा धरून जाऊन-येऊन एक तास लागतो, तेव्हा दर ५ मिनिटांना गाडी द्यायला १२ गाड्या पुरतात. मिश्र वाहतुकीत ताशी १५ किमी वेग मिळाला तर एका बाजूला ४० मिनिटे लागतात, आणि अनिश्चितता वाढल्यामुळे विसावाही जास्त ठेवावा लागतो. जाऊन-येऊन दीड तास धरला तर त्याच सेवेला १८ गाड्या लागतात. सहा गाड्या, त्यांचे चालक आणि त्यांच्यासाठी आगारातली वाढीव जागा हा सगळा खर्च केवळ कोंडीपायी करावा लागतो.

म्हणून रस्त्यावर उतरून रुंदी मोजावी. दोन ट्राममार्गांना साधारण ६.५ ते ७ मीटर लागतात, आणि थांब्याच्या जागी फलाटांसाठी आणखी ५-६ मीटर. जिथे ही रुंदी मिळते, पण ती मोटारींकडून काढून घेण्याची राजकीय तयारी नाही, तिथे बसची सेवा सुधारणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल. जिथे रस्ता मुळातच अरुंद आहे, तिथे मोटारींना पूर्ण बंदी करून ट्राम आणि पादचारी यांनाच तो देणे, किंवा काही अंतर एकेरी रूळ टाकणे, एवढेच मार्ग उरतात. एकेरी रुळावर दर १० मिनिटांहून जवळच्या फेऱ्या बसवणे अवघड जाते, हे लक्षात असू द्यावे.

किती माणसे, किती लांब गाडी

गर्दीच्या वेळी एका दिशेने तासाला किती प्रवासी जातील हा आकडा मागावा. ३० मीटरच्या गाडीत, उभे राहणाऱ्यांची बेताची गर्दी धरून, सुमारे २०० माणसे मावतात. दर ५ मिनिटांना एक गाडी सोडली तर तासाला २,४०० प्रवासी होतात. दोन गाड्या जोडून दर ३ मिनिटांना सोडल्या तर ८,०००. एकेकट्या गाड्या दर २ मिनिटांना सोडूनही ६,००० प्रवासी नेता येतील असे कागदावर दिसते, पण रस्त्यावर इतक्या जवळच्या गाड्या एकामागे एक गोळा होतात आणि चौकात त्यांना प्राधान्य देणेही जड जाते, कारण आडव्या रस्त्याला हिरवा दिवा मिळायला जागाच राहत नाही.

लांबीची मर्यादा शहराचा नकाशा घालून देतो. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या मध्यवर्ती भागात दोन चौकांमधले अंतर जेमतेम ६१ मीटर आहे. तेथील मॅक्स ही लाइट रेल १९८६ पासून धावते, आणि थांब्यावर उभी असताना तिचे शेपूट चौकात येऊ नये म्हणून ती दोन गाड्यांपेक्षा लांब करता येत नाही. उपनगरात कितीही मोठे फलाट बांधले तरी उपयोग नाही; मध्यवर्ती भागातले ते ६१ मीटर सगळ्या जाळ्याची क्षमता ठरवतात. त्याच शहरात २००१ पासून छोट्या गाड्यांची ट्रामही आहे, जवळच्या फेऱ्यांसाठी, जवळजवळच्या थांब्यांसह. दोन सेवांची कामे वेगळी ठेवण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

कायद्याची मर्यादाही आधीच पाहून घ्यावी. जर्मनीत रस्त्यावरून जाणारी गाडी ७५ मीटरपेक्षा लांब असून चालत नाही. जपानमध्ये ट्रामच्या नियमांखाली धावणाऱ्या गाडीला ताशी ४० किमीची मर्यादा आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये उत्सुनोमिया येथे सुरू झालेली १४.६ किमीची अगदी नवी लाइट रेलसुद्धा त्याच मर्यादेत सुरू करावी लागली. परवाना कोणत्या कायद्याखाली मिळणार हे ठाऊक नसताना केलेले वेगाचे सगळे हिशोब कच्चे समजावेत.

शहराबाहेरची पट्टी

आंतरशहरी लाइट रेल परवडते ती बहुतेक वेळा आयती पट्टी मिळाल्यामुळे. सॅन डिएगोने १९८१ मध्ये मेक्सिकोच्या सीमेपर्यंतची सुमारे २५ किमीची सेवा सुरू केली, ती जुन्या मालवाहू रेल्वेमार्गावर. मालगाड्या रात्री आणि प्रवासी गाड्या दिवसा, अशी वेळेची वाटणी केली. मँचेस्टरने १९९२ मध्ये बरी आणि ऑल्ट्रिंचम येथून येणारे दोन जुने रेल्वेमार्ग शहराच्या रस्त्यांवरून एकमेकांना जोडले.

आयत्या पट्टीचा मोह मात्र सांभाळावा लागतो. जुने रेल्वेमार्ग माल वाहण्यासाठी आखलेले असतात. ते गोदामांच्या आणि कारखान्यांच्या मागून जातात, आणि लोक राहतात, शिकतात, खरेदी करतात त्या जागा त्यांच्यापासून दूर पडतात. पट्टीवरच्या प्रत्येक संभाव्य थांब्यापासून प्रत्यक्ष पायी निघून दहा मिनिटांत कोठवर पोहोचता येते ते पाहावे. नकाशावरचे ५०० मीटरचे वर्तुळ इथे फसवते, कारण पट्टीच्या एका बाजूला भिंत, नाला किंवा महामार्ग असला तर ते अर्धे वर्तुळ निरुपयोगी असते. निम्म्याहून अधिक थांबे असे निघाले, तर स्वस्त पट्टी सोडून मुख्य रस्त्यावर येण्याचा खर्च करणे शहाणपणाचे.

दोन्ही एकाच गाडीत

लांबचे आणि जवळचे असे दोन्ही प्रवासी मोठ्या संख्येने असतील तर एकच गाडी बाहेर रेल्वेमार्गावर आणि आत ट्राममार्गावर चालवण्याचा पर्याय उरतो. जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहराने तो १९९२ मध्ये ब्रेटनच्या मार्गावर करून दाखवला. तेथील मुख्य रेल्वेस्थानक शहराच्या मध्यापासून सुमारे २ किमी दूर आहे, आणि आधी बाहेरगावच्या प्रत्येक प्रवाशाला तिथे उतरून ट्राम पकडावी लागे. ट्रामच्या ७५० व्होल्ट एकदिश (डीसी) विजेवर आणि जर्मन रेल्वेच्या १५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी) विजेवर अशा दोन्हींवर चालणारी गाडी आणून गाडी बदलण्याची ही गरज टाळली गेली, आणि प्रवासी अनेक पटींनी वाढले.

यशाची पुढची बाजूही सांगितली पाहिजे. दूरदूरच्या गावांहून गाड्या येऊ लागल्यावर त्या सगळ्या कायझरश्ट्रासे या एकाच पादचारी रस्त्यावर गोळा झाल्या, आणि गाड्यांची तिथे जणू भिंतच उभी राहू लागली. शेवटी शहराला त्या रस्त्याखाली बोगदा खोदावा लागला. तो डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. तेव्हा हा पर्याय निवडताना, सगळे मार्ग जिथे एकत्र येतात त्या एका रस्त्यावर तासाला किती गाड्या येतील हे पहिल्याच आराखड्यात मोजावे, आणि दुसरा समांतर रस्ता आधीच राखून ठेवावा.

इंग्लंडमधल्या शेफील्ड ते रॉदरहॅम या सेवेचा अनुभव खर्चाबाबत सावध करणारा आहे. अंतर थोडे होते, पण चाकांचा आकार रेल्वे आणि ट्राम या दोन्ही रुळांना चालेल असा करणे, फलाटांच्या उंचीचा मेळ घालणे, पूल आणि सिग्नल यंत्रणेत फेरफार करणे यांत अंदाजपत्रक १.५ कोटी पौंडांवरून ७.५ कोटींपर्यंत गेले आणि सेवा ठरलेल्या वेळेपेक्षा वर्षानुवर्षे उशिरा, ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली. रेल्वेमार्गाची मालकी दुसऱ्या संस्थेकडे असेल तर तांत्रिक करार सही होईपर्यंत एकही तारीख जाहीर करू नये. हिरोशिमात शहरातली ट्राम आणि मियाजिमाकडे जाणारा सुमारे १६ किमीचा मार्ग एकाच कंपनीचे असल्यामुळे ही जोडणी कितीतरी सोपी गेली.

खोदकाम आणि न बदलता येणाऱ्या गोष्टी

रस्त्यात रूळ टाकायचे म्हणजे खालच्या जलवाहिन्या, मलवाहिन्या, गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्या बाजूला घ्याव्या लागतात, नाहीतर पुढे त्यांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवाव्या लागतात. एडिनबरोची ट्राम ३१ मे २०१४ रोजी सुरू झाली तेव्हा खर्च ५४.५ कोटी पौंडांच्या मंजूर निधीवरून ७७.६ कोटींवर पोहोचला होता, आणि भूमिगत वाहिन्यांचे काम हे त्यातले मोठे दुखणे होते. ट्रामचा जितका मार्ग रस्त्यात, तितकी ही जोखीम जास्त. म्हणून अंदाजपत्रकाआधी दर काही शे मीटरवर चाचणी खड्डे घेऊन खाली काय आहे ते डोळ्यांनी पाहावे. बाहेरच्या पट्टीवर खडी टाकून रूळ बसवणे त्या मानाने स्वस्त आणि लवकर होते.

शेवटी करारात अशा काही गोष्टी असतात की त्या एकदा बांधल्या की बदलणे जवळजवळ अशक्य होते. फलाटाची उंची त्यांतली पहिली. जमिनीपासून ३० ते ३५ सेंटिमीटरवर फरशी असलेली गाडी रस्त्यावरच्या साध्या, उतरत्या फलाटाला लागते आणि चाकाच्या खुर्चीतला प्रवासी कोणाच्या मदतीशिवाय आत जातो. ९० सेंटिमीटरच्या आसपासची उंच फरशी निवडली तर रस्त्याच्या मधोमध तेवढा उंच, लांब चढाचा फलाट बांधावा लागतो. मँचेस्टरने जुन्या रेल्वेस्थानकांचे फलाट वापरता यावेत म्हणून उंच फरशी घेतली, आणि त्यामुळे शहरातल्या रस्त्यांवरही त्याच उंचीचे फलाट उभे राहिले. दुसरी गोष्ट वळणाची. टोरंटोच्या जुन्या जाळ्यात सुमारे ११ मीटर त्रिज्येची वळणे आहेत, म्हणून तिथे नवी गाडी घेताना ती खास त्या वळणांसाठी घडवून घ्यावी लागते. निदान २५ मीटर त्रिज्या ठेवली तर बाजारात तयार मिळणाऱ्या बहुतेक गाड्या चालतात. तिसरी गोष्ट गाडीच्या रुंदीची : २.६५ मीटर रुंदीसाठी जागा सोडून ठेवली तर पुढे ट्रामचे रूपांतर लाइट रेलमध्ये करता येते, २.३० मीटरसाठी बांधले तर ती वाट बंद होते. आज छोटी ट्रामच हवी असली तरी वळण, रुंदी आणि जाण्या-येण्याच्या दोन मार्गांमधले अंतर मोठ्या गाडीचे ठेवावे, आणि फलाट आज ३० मीटरचा बांधला तरी त्यापुढची ३० मीटर जागा झाडे, खांब किंवा झडपांच्या खड्ड्यांनी अडणार नाही अशी आराखड्यावर खूण करून घ्यावी.